शाळेत लहान मुलाला त्रास होतोय, शाळा हात झटकते : सातारा-सांगलीकडे काय करता येतं?

प्रेषक: केदार, एडिसन

नमस्कार मंडळी, अमेरिकेतून (एडिसन, न्यू जर्सी) लिहितोय.

मंडळातल्या बऱ्याच घरांतून सध्या एकच प्रश्न येतोय. कुणाचे भाचे-पुतणे सांगली-मिरजेत, कराडला, साताऱ्यात दुसरी-तिसरीत आहेत, तर कुणाची मुलं पाचगणीला वसतिगृहात. वरच्या वर्गातली पोरं डबा हिसकावतात, मुतारीत कोंडतात, 'घरी सांगितलंस तर बघ' म्हणतात. शाळेचं उत्तर ठरलेलं : "लहान मुलं आहेत, चालायचंच." शाळेला कायद्याने जबाबदार धरता येतं का? धरायचं तर सुरुवात कुठून करायची? जाणकारांनी नेमकं लिहावं. मुलांची आणि शाळांची नावं कृपया इथे घालू नका.

केदार

—

प्रेषक: ॲड. अनघा, सांगली

केदार, नावं नकोत हे बरं लिहिलंस. बालन्याय कायदा २०१५, कलम ७४ : चौकशी किंवा तपासाबद्दल लिहिताना-बोलताना पीडित मुलाचं नाव, पत्ता, शाळा असं ओळख पटवणारं काहीही कुठल्याही माध्यमातून उघड करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरवणाऱ्या मावश्या-काकांनाही हे लागू शकतं.

आता मुद्द्याचं. शाळेला जबाबदार धरता येतं, पण शाळेला माहीत होतं हे आधी दाखवावं लागतं. 'आमच्या कानावर आलंच नाही' ही एक पळवाट बंद केली की पुढचं बरंच सोपं होतं.

त्यासाठी सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित कायदा म्हणजे महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. लोकांना वाटतं हा मेडिकल-इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी आहे. व्याख्या वाचा. शिक्षण देणारी कुठलीही संस्था, शिवाय अनाथालय, वसतिगृह, शिकवणी वर्गसुद्धा त्यात येतात. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, दुखापत, लाज किंवा भीती वाटेल असं काही करायला लावणं, हे सगळं रॅगिंग. आवाराच्या आत आणि बाहेरही.

कलम ६ : विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार दिली की मुख्याध्यापकाने सात दिवसांत चौकशी करायची. सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याला पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. कलम ७ : हे करण्यात मुख्याध्यापकाने कसूर केली तर त्याने स्वतःच रॅगिंगला अपप्रेरणा (चिथावणी किंवा साथ) दिली असं धरलं जातं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

म्हणजे सगळं त्या लेखी तक्रारीवर येऊन थांबतं, आणि नेमकी तीच नसते. पालकसभेत बोललेलं असतं, बाईंना फाटकापाशी सांगितलेलं असतं, वर्गशिक्षिकेला व्हॉइस मेसेज टाकलेला असतो. कायद्यात 'संस्थाप्रमुखाला लेखी' असं आहे.

तक्रार एका पानाची ठेवा. मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत संस्थेच्या सचिवांना. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ (मधली सुट्टी, शाळा सुटताना, पीटीचा तास), जागा, काय झालं, कुणी पाहिलं, आणि आधी तोंडी कुणाला कधी सांगितलं. हा शेवटचा तपशील लोक गाळतात, खरं तर तोच सोन्यासारखा. 'खूप मानसिक त्रास' असं मोघम लिहू नका. 'मंगळवारपासून अंथरूण ओलं करतो, शाळेच्या दिवशी सकाळी उलटी होते' असं लिहा. खाली मागण्या : कलम ६ प्रमाणे चौकशी करून सात दिवसांत लेखी उत्तर, अमुक तारखेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवणं, आणि तोवर मधल्या सुट्टीत व जिन्यात देखरेख.

दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. क्लार्क म्हणाला 'साहेब आल्यावर शिक्का देतो', तर त्याच संध्याकाळी स्पीड पोस्टाने पाठवा आणि शाळेच्या ईमेलवरही टाका. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय. पोहोचल्याची पोच मागून घ्या.

सीसीटीव्हीची घाई यासाठी की डीव्हीआरमध्ये जुनं पुसून नवं चढत राहतं. कुठे पंधरा दिवस टिकतं, कुठे महिना. बदलापूरच्या प्रकरणानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले, त्यामुळे 'कॅमेरेच नाहीत' हे उत्तर शाळेच्याच अंगावर येतं. मुतारीत कॅमेरा नसतोच, नसावाही. बाहेरच्या व्हरांड्यातला मागा. कोण कुणाच्या मागे आत गेलं आणि किती मिनिटांनी बाहेर आलं, एवढं त्यात दिसतं.

एक अपवाद आधीच सांगते. कपडे उतरवणं, गुप्तांगाला हात, तसले फोटो किंवा व्हिडिओ असा काही प्रकार असेल तर सात दिवस विसरा. तो पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. 'आधी आमची समिती बघेल' असं शाळेला म्हणता येत नाही.

अनघा

—

प्रेषक: शरद (निवृत्त मुख्याध्यापक), कराड

सर्वांस नमस्कार.

अनघाताईंनी कायदा नेमका मांडला आहे. शाळेच्या बाजूने दोन शब्द.

हे प्रकार तासाला होत नाहीत. पहिल्या घंटेआधीची पंधरा मिनिटे, पोषण आहाराची रांग, पाण्याची टाकी, मुतारी, जिन्याचे वळण, आणि सुटल्यावर रिक्षा येईपर्यंतचा वेळ. बहुतेक शाळांत देखरेखीचे वेळापत्रक असते, पण त्यात 'मैदान' एवढेच लिहिलेले असते. मैदानावर एक शिक्षक उभा असला तरी मुतारीचे दार त्याला दिसत नाही. पालकांनी शाळेला विचारायचे ते हे : अमुक वारी मधल्या सुट्टीत या जागी कोणाची नेमणूक होती? नाव आणि सही असलेला कागद असेल तर शाळा वाचते, नसेल तर तिथेच कसूर उघडी पडते.

चौकशीत हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही मुलांना एकत्र उभे करून 'खरं सांग' म्हणणे. दुसरीतले मूल सहावीतल्या मुलासमोर कधीच बोलत नाही. मग 'तक्रारदार विद्यार्थ्याने इन्कार केला' अशी नोंद होते आणि प्रकरण संपते. जबाब वेगवेगळे, ओळखीच्या बाई जवळ असताना, मुलाच्याच शब्दांत लिहावेत. दुसरी चूक, त्रास सोसणाऱ्या मुलाचीच तुकडी बदलणे. त्यातून शिक्षा कोणाला झाली हे साऱ्या वर्गाला कळते. परिपाठात सर्वांसमोर माफी मागायला लावणे तर मुळीच नको. त्याचा वचपा दुसऱ्या दिवशी निघतो.

मात्र ताई, सातवी-आठवीच्या पोराची तक्रार सात दिवसांत पोलिसांत धाडायची, हे मला पटत नाही. खेड्यात त्या घराचे नाव जाते. मुख्याध्यापक टाळाटाळ करतो ती बहुतेक वेळा या भीतीने.

शरद

—

प्रेषक: ॲड. अनघा, सांगली

सर, भीती समजते, पण त्या भीतीपोटी कागदच होत नाही आणि मग कलम ७ तुमच्याच माणसावर येतं. सात दिवस चौकशीला आहेत. पोलिसांकडे तक्रार जाते ती तथ्य आढळल्यावर. शिवाय तिथे पोराला बेड्या पडत नाहीत. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नाही (भारतीय न्याय संहिता, कलम २०). सात ते बारा या वयात समज पुरेशी नसेल तर तेही गुन्हा ठरत नाही (कलम २१). त्यापुढच्या मुलांच्या बाबतीत, किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असलेला घृणास्पद गुन्हा नसेल तर बालन्याय नियमांप्रमाणे एफआयआर न घेता रोजनाम्यात नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बालन्याय मंडळाकडे जातो. पालक भांडतात, 'पोलीस एफआयआर घेत नाहीत, दबाव आलाय!' दबाव असेलही, पण मुलाविरुद्ध एफआयआर न घेणं हा नियमच आहे. मुख्याध्यापक सज्ञान आहे, त्याच्याविरुद्ध ही आडकाठी नाही. ठाण्यात गेलात तर बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारा, प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला असतो.

शाळेचा वकील हमखास म्हणतो, 'मूळ कृत्य करणारा आठ वर्षांचा, म्हणजे गुन्हाच नाही, मग अपप्रेरणा कसली?' न्याय संहितेच्या कलम ४६ चं स्पष्टीकरण दाखवा. ज्याला अपप्रेरणा दिली तो कायद्याने गुन्हा करण्यास पात्र असलाच पाहिजे असं नाही.

पालकांची आणखी एक चूक : 'त्या पोराला शाळेतून काढा.' शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मुळे आठवीपर्यंत कुणालाही काढून टाकता येत नाही. अशी मागणी लिहिली की शाळा नेमकं तेवढ्यालाच उत्तर देते आणि बाकीचं बाजूला पडतं. निलंबनसुद्धा प्राथमिकच्या मुलासाठी मी मागणार नाही. चौकशी, लेखी निष्कर्ष आणि देखरेख मागा.

सात दिवसांत उत्तर नाही आलं तर वर कुठे जायचं? जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). पाचवी ते दहावीचं हायस्कूल असेल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक). सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिक्षण उपसंचालकांकडे येतात. पुण्याला अर्ज धाडून महिना घालवू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ लिहून स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, तक्रार केली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. रिट (उच्च न्यायालयात थेट याचिका) करायची वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं काम उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. मुंबईच्या खेपा वाचल्या.

वर्गशिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई हवी असेल तर खासगी शाळेत ती संस्थेलाच करावी लागते, १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे रीतसर चौकशी लावून. शिक्षणाधिकारी बदलीचा आदेश काढतील या आशेवर बसू नका.

भरपाई मागता येते. पठाणकोटजवळच्या एका शाळेची १४ मुलं १९९५ मध्ये सहलीत बियास नदीत बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये, एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या निकालात, शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेवर टाकून प्रत्येकी पाच लाखांची भरपाई कायम केली. तो निकाल छळाचा नाही, पण शाळेवर काळजी घेण्याचं कर्तव्य आहे आणि नोकराच्या चुकीला मालक जबाबदार, हे त्यातून मिळतं. दावा दिवाणी न्यायालयात. ग्राहक मंचात जाऊ नका, राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये शाळा-कॉलेजं त्यातून बाहेर काढली आहेत. मुदतीची घाई नाही. मूल अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेपर्यंत मुदत सुरू होत नाही (मुदत कायदा, कलम ६). पुरावा मात्र तेवढा थांबत नाही. दुखापत असेल तर त्याच दिवशी सिव्हिलला दाखवून 'शाळेत मारहाण' अशी नोंद केसपेपरवर करून घ्या. 'पडून लागलं' असं लिहिलेला कागद नंतर बदलत नाही.

अनघा

—

प्रेषक: केदार, एडिसन

अनघाताई, सर, आभार. इथल्या न्यू जर्सीच्या सभासदांसाठी तुलनेला थोडं लिहितो. २०११ पासून इथे तक्रार कळल्याच्या दिवशीच मुख्याध्यापकाला तोंडी आणि दोन शालेय दिवसांत लेखी कळवावं लागतं, चौकशी दहा शालेय दिवसांत पुरी करावी लागते. संघराज्याच्या कायद्यात लैंगिक छळाच्या बाबतीत इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या डेव्हिस निकालापासून कसोटी अशी : शाळेला प्रत्यक्ष माहीत होतं आणि तरी तिने उघड दुर्लक्ष केलं. म्हणजे इथेही पहिला कागद मुख्याध्यापकालाच.

दोन प्रश्न. पुतण्यासाठी आम्ही इथून तक्रार केली तर चालेल? आणि मूल पाचगणीला वसतिगृहात असेल तर?

केदार

—

प्रेषक: ॲड. अनघा, सांगली

काकाची तक्रार चालणार नाही. कायद्यात पालक हा शब्द आहे, सही भाऊ-वहिनींची हवी. तुम्ही मसुदा करून द्या, स्पीड पोस्टाचे पैसे भरा, पण नाव त्यांचं. माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही करू शकता, मात्र भारतीय नागरिकत्व असेल तरच. ओसीआय कार्डावर नाही. महाराष्ट्रात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. अनुदानित शाळा असेल तर सखी सावित्री समितीच्या (मुलांच्या सुरक्षेसाठीची शालेय समिती) बैठकांचं इतिवृत्त मागा. समिती फलकावर असते, बैठका झालेल्या असतीलच असं नाही.

पाचगणीला बोर्ड कुठलाही असो, रॅगिंगचा कायदा राज्याचा आहे आणि वसतिगृह त्यात शब्दाने लिहिलेलं आहे. वसतिगृहात चोवीस तास ताबा संस्थेचा, त्यामुळे बालन्याय कायद्याचं कलम ७५ (ताब्यातल्या मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष) तिथे जास्त जोराने मांडता येतं. सीबीएसईची शाळा असेल तर २०१५ च्या परिपत्रकाप्रमाणे नेमलेल्या बुलिंगविरोधी समितीच्या सदस्यांची नावंही मागा.

आई-बाप परदेशात असतील तर तक्रारीला तुमच्या सहीचं पत्र स्कॅन करून ईमेलने पुरतं. मूळ प्रत कुरिअरने धाडा. सोबत स्थानिक पालकाला अधिकारपत्र द्या : भेटायला, मुलाला डॉक्टरकडे न्यायला, कागद घ्यायला. प्रवेशाच्या वेळच्या फॉर्ममध्ये स्थानिक पालक म्हणून भलत्याचंच नाव असतं, ते आधी तपासा, नाहीतर रेक्टर फाटकातच अडवतात. दावा लावायचा असेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते वकिलातीत किंवा अपोस्टिल (परदेशी कागद अस्सल असल्याचा अधिकृत शिक्का) करून घ्या आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही तारीख चुकली तर दंड भरत बसावं लागतं, म्हणून पाकीट ज्या दिवशी मिळालं ते पाकीटही जपून ठेवायला सांगा.

अनघा