एपी केमिस्ट्रीसाठी पुस्तकं कुठली घ्यायची?

एडिसनकर_आई
नमस्कार मंडळी, मुलगी सप्टेंबरपासून एपी केमिस्ट्री (इथल्या हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा कोर्स) घेतेय. ऑनर्स केमिस्ट्री नीट झालं पण मोलची गणितं (वजनावरून कणांचं प्रमाण काढायची) आली की अजून अडखळते. जुलैत पुण्याला जाणार आहोत तर अप्पा बळवंत चौकातून अकरावी-बारावीची पुस्तकं आणू असं ह्यांचं म्हणणं, आणि सासरे म्हणतायत जेईईचंच आणा, ते जमलं की तिकडचं काय अवघड. बॅगेत वजनाची पण पंचाईत. कुणाच्या मुलांनी केलंय का हे?

निळी_शाई
ताई, जेईईची पुस्तकं नका आणू, आम्ही आणली होती आणि निम्मी उघडलीच नाहीत. त्यात ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्स आणि पी-ब्लॉकचं पाठांतर भरपूर, एपीत ते जवळजवळ नाहीच. उलट फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीचे (अणूतले इलेक्ट्रॉन किती घट्ट बांधलेत ते दाखवणारे) ग्राफ वाचायला देतात, त्याची सवय त्या पुस्तकांतून लागत नाही.
पेपर म्हणजे ६० एमसीक्यू ९० मिनिटांत आणि मग ७ लेखी प्रश्न १०५ मिनिटांत, दोन्हीला निम्मं निम्मं वजन. आपली पोरं लेखीत अडकतात कारण उत्तर येत असतं पण कारण लिहीत नाहीत. माझ्या मुलाचंच सांगते, सोडियमपेक्षा मॅग्नेशियमची पहिली आयनायझेशन एनर्जी (बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) जास्त का, तर ह्याने लिहिलं "पिरियडमध्ये डावीकडून उजवीकडे वाढते म्हणून". त्याला मार्क नाही! प्रोटॉन ११ चे १२ झाले, बाहेरचा इलेक्ट्रॉन त्याच शेलमध्ये, आतल्या इलेक्ट्रॉन्सचा आडोसा (शिल्डिंग) तेवढाच, म्हणून ओढ जास्त, असं सगळं लिहावं लागतं.

प्रयोगवही
मी हा विषय शिकवते म्हणून सांगते, मूळ पुस्तक एकच ठेवा. ओपनस्टॅक्सचं केमिस्ट्री ऑनलाइन फुकट आहे आणि चांगलं आहे. छापील हवं तर झुमडाल किंवा ब्राऊन-लीमेची जुनी एडिशन सेकंडहँड घ्या, रसायनशास्त्र काही दर दोन वर्षांनी बदलत नाही.
तयारीच्या पुस्तकांचं मात्र उलटं आहे, बॅरन्स घ्या नाहीतर प्रिन्स्टन रिव्ह्यू, पण ताजं घ्या, नऊ युनिट्सप्रमाणे आखलेलं. २०१४ च्या आधीचं तर गॅरेज सेलमध्ये एक डॉलरला मिळालं तरी नको, तेव्हा पेपरच वेगळा होता, ७५ एमसीक्यू असायचे. आणि ते जानेवारीनंतर उघडायचं, आत्ता नाही.
सगळ्यात महत्त्वाचं, ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर जुने लेखी प्रश्न आहेत आणि मार्क कसे दिले त्याच्या गाइडलाइन्स पण, फुकट. तिला आधी लिहू दे, मग तिचं तिलाच तपासू दे.

एडिसनकर_आई
खूप खूप आभार दोघींचे! मग मोलसाठी सुट्टीत काय करू?

प्रयोगवही
एनसीईआरटीच्या अकरावीचा पहिला धडा, पीडीएफ साइटवर आहे, वजन शून्य. रोज दोन गणितं, बास. उदाहरणार्थ ४.८ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ४.८ ग्रॅम ऑक्सिजन, ऑक्साइड किती होईल? वजन सारखं बघून मुलं फसतात. मोल काढले की ०.२ आणि ०.१५, दोन मोल मॅग्नेशियमला एक मोल ऑक्सिजन, म्हणजे इथे लागतो ०.१ च, म्हणजे मॅग्नेशियम आधी संपतं, ऑक्साइड ८ ग्रॅम. हे न अडखळता समजावून सांगता आलं की ती सप्टेंबरला तयार आहे. आयन्सची नावं-फॉर्म्युले पण पाठ करून घ्या, तिथे पाठांतराला पर्याय नाही.

एडिसनकर_आई
आत्ताच दिलं तिला हे गणित, ९.६ म्हणाली, दोन्हीची बेरीज केली. उद्यापासून बसतो दोघी.