कवितेची पुडी, कवितेचं बाड: कार्डावर लिहायचं काय?

हळदपेठ (सांगली): मंडळी, एक शब्द हवाय. आम्ही काही मित्रमैत्रिणी सांगलीत कवितांचं छोटं प्रदर्शन मांडतोय. कविता पुस्तकात नाहीत, भिंतीवरही नाहीत. एक काडेपेटीत आहे, एक जुन्या जन्मपत्रिकेसारखी लांब गुंडाळी आहे, एक चक्क ताइतात. माझी कविता हळदीच्या कागदावर आहे. जाड कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि मेणबत्तीच्या टोकानं त्यावर ओळी लिहिल्या. तिरका धरला तर जरा चकाकी दिसते, एरवी नुसता पिवळा कागद. सोबत बाटलीत चुन्याची निवळी आणि कापसाचा बोळा. बोळा फिरवला की कागद कुंकवासारखा लाल होतो आणि मेणाखालच्या ओळी पिवळ्याच राहतात. वाचणाऱ्यानं हात लावल्याशिवाय कविता दिसतच नाही.

तर या सगळ्या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं? आमच्यात 'काव्यवस्तू', 'काव्यशिल्प' आणि 'हस्तनिर्मित कविता' असे तीन पक्ष पडलेत. हल्ली असल्या कवितांचं पेव फुटलंय. (हरिपूरच्या हळदीच्या पेवांशेजारी, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांशेजारी राहते, तेवढा वाक्प्रचार वापरायचा हक्क आहे.) पण नाव मात्र कुणी नीट ठेवत नाही.

वाईकर: 'काव्यवस्तू' अजिबात नको. 'वस्तू' हा शब्द आपल्या साहित्यविचारात आधीच कामाला लागलेला आहे. 'कथावस्तू' म्हणजे कथेचा ऐवज, कथानक, 'नाट्यवस्तू' तशीच. 'काव्यवस्तू' वाचून माणूस कवितेचा विषय शोधेल, काडेपेटी नव्हे. शब्द उलटा करून 'वस्तुकाव्य' केलंत तरी फारसं साधत नाही. 'शिल्प' तर इतकं वापरलं गेलंय की आता त्याला आकारच उरलेला नाही. 'हस्तनिर्मित' म्हटलं की मला उदबत्ती आणि साबणाचं दुकान दिसतं.

आता कुणीतरी 'चित्रकाव्य' सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. संस्कृत महाकाव्यांत भारवीच्या किरातार्जुनीयाचा १५ वा सर्ग आणि माघाच्या शिशुपालवधाचा १९ वा सर्ग असल्या करामतींनी भरलेले आहेत: सर्वतोभद्र, गोमूत्रिका आणि असेच अक्षरांच्या आकृत्यांचे बंध. काव्यशास्त्रकार मम्मटानं चित्रकाव्याला सरळ तिसऱ्या पायरीवर बसवलं. पण त्या बंधातली गंमत अक्षरांच्या जुळणीत असते. सर्वतोभद्राचा श्लोक ताडपत्रावर लिहा, फळ्यावर लिहा किंवा फोनवर टाइप करा, तो तसाच राहतो. हळदपेठ यांच्या कवितेतून हळद काढली तर उरतात नुसत्या चार ओळी. तेव्हा तो शब्द इथं लागू नाही.

कराडचा मास्तर: वाईकरांशी सहमत, एक पुरवणी. बाहेरच्या भाषांतही अशा वस्तूंची नावं बहुधा त्यांच्या घडणीवरूनच पडतात. १९१३ मध्ये ब्लेझ सांद्रार या कवीनं आणि सोनिया दलोने या चित्रकर्तीनं सायबेरियाच्या रेल्वेवरची एक लांब कविता उलटसुलट घडीच्या एकाच पट्टीवर छापली. एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला ओळी. उलगडली की सुमारे २ मीटर. १५० प्रती काढायचा बेत होता, म्हणजे सगळ्या टोकाला टोक लावल्या तर आयफेल टॉवरची उंची भरली असती. रेमों क्नो यानं १९६१ मध्ये १० सुनीतं छापली आणि प्रत्येक पानाच्या १४ ओळी कापून १४ पट्ट्या केल्या. कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीशी जुळते, त्यामुळे एकावर १४ शून्यं इतकी सुनीतं तयार होतात. एक कोटी गुणिले एक कोटी. कुणी वाचून संपवायची नाहीत हे उघड आहे, आणि मला हा प्रकार सांद्रारच्या पट्टीपेक्षा जरा कोरडा वाटतो. असो.

आपल्याकडचा धडा वेगळा आहे. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर या कवींच्या पिढीचं 'शब्द' नावाचं छोटं मासिक १९५४ मध्ये सायक्लोस्टाइल करून निघालं. सायक्लोस्टाइलला 'चक्रमुद्रण' असा रीतसर मराठी शब्द आहे. तो कुणी बोलताना वापरलेला मी ऐकलेला नाही. उलट असल्या 'लिटल मॅगझिन'साठीचा 'अनियतकालिक' हा तेवढाच जड शब्द मात्र रुजला. कारण त्यात थट्टा होती: वेळेवर निघणार नाही, हे नावातच कबूल. तेव्हा शब्द सोपा असण्यापेक्षा त्यात थोडा खट्याळपणा असलेला बरा.

मिरजबांधणी: मी बाइंडिंगचं काम करतो, साहित्यातलं मला काय कळत नाही. पण 'बाड' हा शब्द कुणी का घेत नाही? वही डाव्या बाजूला शिवतात. बाड अरुंद बाजूला शिवायचं, मग पान आडवं न उलटता वरच्या अंगाला उलटतं. कीर्तनकाराच्या हातात तसलं बाड बघितलंय मी.

आणि काडेपेटीवाल्यांना सांगा, पेटीच्या मापाचा कागद कापू नका. खळ लावली की कागद ओल धरतो आणि फुगतो. चारी बाजूंनी सुताएवढा कमी घ्या, रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा, मग पेटीत घाला. नाहीतर खण अडकतो आणि लोक नखानं कविता उकरून काढतात. एकांनी माझ्याकडून अशा पेट्या करून घेतल्या, मापं स्वतःचीच दिली, आणि अडकल्यावर पैसे कापले माझे.

सज्जनगडपायथा: बांधणीदादा, लाख बोललात. आमच्या सातारा भागात चाफळ, सज्जनगडाच्या परंपरेत रामदासी बाडं हा रोजचा शब्द आहे. समर्थांचे अभंग, आरत्या, एखादं औषध, कधी हिशोबाची नोंद, सगळं एकाच बाडात. ज्याचं त्यानं हातानं उतरवलेलं, त्यामुळे दोन बाडं सारखी निघत नाहीत. या प्रदर्शनालाही तेच हवं आहे ना?

हळदपेठ: सज्जनगडताई, शब्द आवडला, पण अडचण सांगते. आज 'बाड' म्हटलं की लोक हसतात. "कवितांचं बाड घेऊन आलाय" याचा अर्थ पळा, आता दोन तास ऐकावं लागणार. 'बाडबिस्तरा' आहेच. शिवाय काडेपेटीला बाड कसं म्हणू?

कराडचा मास्तर: हसतात ना? मग घ्याच. 'अनियतकालिका'लाही हसलेच होते. फक्त ताइताला, पेटीला ते लावू नका. मराठीत षष्ठी असताना समास कशाला जुळवायचा? कवितेची पुडी, कवितेचा ताईत, कवितेची गुंडाळी. प्रत्येक कार्डावर त्या त्या वस्तूचं घरचं नाव लिहा.

वाईकर: हे पटलं. मात्र 'कवितेचा ताईत' लिहिलंत तर एक प्रश्न येणार. ताईत उघडायचा नसतो, हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. मग कविता वाचायची कशी? तुमच्या मित्रानं हे मुद्दाम केलं असेल तर उत्तम. नसेल तर त्याला 'डबी' म्हणा. आणि 'हस्तलिखित' हा शब्दही राखून ठेवा. शाळा-कॉलेजातलं हस्तलिखित म्हणजे एकच प्रत, ती घरोघर फिरायची, कुणाच्या तरी चहाचा डाग घेऊन परत यायची. तुमच्यातलं काही हातोहात फिरणार असेल, तर त्याला हाच शब्द बसतो.

हळदपेठ: ताईत मुद्दामच आहे. तो उघडायचा नाही, असं कवीचं म्हणणं. आमच्यात त्यावरून वेगळं भांडण चालू आहे, ते इथं नको. ठरलं असं: दारावर 'बाडं आणि पुड्या', आत प्रत्येकाचं स्वतःचं नाव. माझ्या कार्डावर 'हळदीचा कागद' एवढंच. 'कविता' हा शब्दही काढला, बोळा फिरवल्यावर कळेलच.

मिरजबांधणी: ताई, कागद उन्हात मांडू नका, हळदीचा रंग उडतो. खिडकीपासून लांब ठेवा. निवळी वरची वरच घ्या, बाटली हलवू नका. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात 'डोळ्यात जाऊ देऊ नये' लिहा, लहान पोरं येणारच.