शेव्हरोले बोल्ट ईव्हीला हिचवरचा सायकल रॅक बसवावा का?

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०२० सालची शेव्हरोले बोल्ट ईव्ही आहे. माझी साधी सायकल सुमारे ३० पौंडांची आणि पत्नीची इलेक्ट्रिक सायकल ५५ पौंडांची आहे. या दोन्ही घेऊन माँटेरेच्या किनाऱ्यालगतच्या सायकल मार्गावर जाता यावे, एवढीच इच्छा आहे. ५५ पौंडांची सायकल टपावर चढवणे आम्हा दोघांनाही झेपणारे नाही आणि मागच्या दारावर पट्ट्यांनी बांधायच्या रॅकला एवढे वजन पेलत नाही. त्यामुळे हिच, म्हणजे गाडीच्या मागे खाली बसवायची लोखंडी जोडणी, बसवून घेण्याचा विचार आहे. मात्र गाडीच्या माहितीपुस्तकात ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही असे लिहिले आहे. अशा गाडीला हिच लावणे योग्य ठरेल का, रिसीव्हर (रॅकची दांडी जिथे बसते ते हिचचे चौकोनी तोंड) सव्वा इंची घ्यावा की दोन इंची, आणि बॅटरीच्या वॉरंटीला काही बाधा येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (सॅक्रामेंटो)

ट्रेलर ओढणे आणि रॅक लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ओढताना मोटर, ब्रेक आणि बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा यांच्यावर ताण येतो. रॅकचा संबंध मुख्यतः हिचवर पडणाऱ्या उभ्या भाराशी असतो, म्हणून तुम्ही ओढण्याच्या क्षमतेचा आकडा बाजूला ठेवून या उभ्या भाराचा आकडा पाहा. ताकदीनुसार हिचचे वर्ग असतात; पहिल्या वर्गाच्या हिचसाठी तो जास्तीत जास्त २०० पौंड असतो आणि दुसऱ्या वर्गासाठी ३५० पौंड. प्रत्यक्षात तुमच्या हिचवर चिकटवलेल्या पट्टीवर जो आकडा असेल, तोच खरा मानावा.

आता नेमका घोटाळा कुठे होतो ते सांगतो. दोन सायकली ८५ पौंड आणि चांगला मजबूत रॅक ५० पौंड, म्हणजे एकूण १३५ पौंड झाले. २०० मधून १३५ वजा केले की ६५ पौंड शिल्लक राहतात असे वाटते, पण हा हिशेब अपुरा आहे. २०० पौंडांची मर्यादा ट्रेलर अडकवायच्या हिचवरच्या गोळ्यावर टेकणाऱ्या भाराची असते आणि तो गोळा रिसीव्हरमध्ये दांडी अडकवणाऱ्या पिनेपासून फार लांब नसतो. समजा १० इंच. सायकलींचे वजन त्याहून बरेच मागे असते. समजा सरासरी २० इंच. तरफेच्या नियमाने पहिल्या बाबतीत हिचला वाकवणारा पीळ २०० गुणिले १०, म्हणजे २००० इंच-पौंड होतो, तर तुमच्या बाबतीत १३५ गुणिले २०, म्हणजे २७००. भरलेली बादली अंगाशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच इथे आहे. शिवाय खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून गाडी उसळली की हाच भार क्षणभर कितीतरी पट वाढतो. म्हणूनच हिच बनवणाऱ्या काही कंपन्या रॅकसाठीची मर्यादा वेगळी आणि कमी देतात. ती विचारून घेतल्याशिवाय खरेदी करू नये असे माझे ठाम मत आहे.

भार कमी करण्याचे उपाय सोपे आहेत. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी काढून गाडीत ठेवावी. तेवढ्याने सात-आठ पौंड सहज कमी होतात आणि पावसापासून बॅटरीही वाचते. जड सायकल नेहमी गाडीलगतच्या खाचेत ठेवावी. रॅक चाकांना आधार देणारा, फळीसारखा घ्यावा. सायकल दांडीला टांगायच्या रॅकवर इलेक्ट्रिक सायकल लावू नये. रॅकची स्वतःचीही दर सायकलमागे मर्यादा असते. रॅक, हिच आणि गाडी या तिघांपैकी सर्वांत लहान आकडा पाळायचा.

चालकाच्या दाराच्या खांबावर जे लेबल असते, त्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालते ते छापलेले असते. रॅक, हिच आणि सायकली हे सगळे त्यातच मोजावे. पुढची चाके हलकी होऊन पकड जाईल अशी भीती मात्र दोन सायकलींपुरती बाळगण्याचे कारण नाही. बोल्टच्या दोन आसांमधले अंतर १०२ इंचांच्या आसपास आहे, म्हणजे मागे लटकलेल्या १३५ पौंडांमुळे पुढच्या आसावरचे साठ-सत्तर पौंडच कमी होतात.

रिसीव्हरबद्दल: दोन इंचीत रॅकची निवड जास्त मिळते आणि हिसके कमी बसतात, पण तोंड मोठे म्हणून हिच आपोआप जास्त ताकदीची होत नाही. सव्वा इंचीवर दोन इंची करणारा जोड लावणे तर पूर्णपणे टाळा, कारण त्याने सगळे वजन आणखी मागे सरकते.

प्रतिसाद २ (फ्रीमाँट)

वरच्या हिशेबाशी मी सहमत आहे. जोडणीबद्दल थोडे लिहितो, कारण गॅरेजमध्ये हेच काम घाईने केले जाते. बोल्टची मोटर पुढे आहे, बॅटरी तळाशी आणि चार्जिंगचे तोंड पुढच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर (फेंडरवर). त्यामुळे मागच्या बंपरजवळ उच्च दाबाच्या नारिंगी केबलींशी आपला संबंध येत नाही. तरीही जॅक लावताना तो बॅटरीच्या कवचाखाली न लावता माहितीपुस्तकात दाखवलेल्या जागीच लावावा.

मागच्या बंपरचे प्लास्टिकचे आवरण काढताना कडेच्या क्लिपा तुटतात. जुने प्लास्टिक थंडीत विशेष कडक होते, म्हणून दुपारी काम करावे आणि चार-सहा क्लिपा जास्तीच्या आणून ठेवाव्यात. पार्किंग सेन्सरच्या तारा आवरणालाच जोडलेल्या असतात, तेव्हा आवरण ओढण्याआधी त्यांचा प्लग सोडवावा; तो दाबपट्टीचा असल्याने नखाने दाबूनच निघतो, ओढून निघत नाही. पुढे नट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) सूचनापत्रात दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळावेत आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत.

पिनही योग्य मापाची घ्या: सव्वा इंचीला चार सुताची आणि दोन इंचीला पाच सुताची. पिन बसवल्यावर रॅक दोन्ही हातांनी हलवून पाहावा. खडखड वाटत असेल तर हिच आवळणारा शिकंजा लावावा, कारण सततची हालचालच पुढे पिनेचे भोक मोठे करते.

प्रतिसाद ३ (श्टुटगार्ट)

युरोपात हा प्रश्न थोडा वेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. इथे फोक्सवागन आयडी ३ या इलेक्ट्रिक गाडीवर रॅकपुरताच उभा भार पेलणारी जोडणी मिळते. तिची मर्यादा ७५ किलो असते आणि तिने ट्रेलर ओढायचा नसतो. जर्मनीत सायकलींनी नंबरप्लेट झाकली जात असेल तर रॅकवर तिची प्रत आणि दिवे लावणे बंधनकारक आहे, त्यासाठी तेरा पिनांचे सॉकेट वापरतात. कॅलिफोर्नियातही नंबरप्लेट स्पष्ट दिसलीच पाहिजे, त्यामुळे रिकामा रॅक उभा दुमडला तरी ती झाकली जात नाही ना, हे पाहून ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वॉरंटी आणि चार्जिंग यांविषयी कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ४ (सनीव्हेल)

अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावे लागते. हिचच्या जागी पत्रा वाकला तर मात्र ती जबाबदारी तुमचीच असेल. पावती आणि जोडणीचे सूचनापत्र जपून ठेवा.

चार्जिंगच्या बाबतीत तुमची गाडी सोयीची आहे. तोंड पुढे असल्यामुळे गाडी नाक पुढे करून लावता येते. ज्या गाड्यांचे तोंड मागे असते, त्या रॅकसह उलट्या लावाव्या लागतात आणि आखूड केबल पोहोचत नाही. तुमच्या बाबतीत रॅक मागच्या रस्त्यात बाहेर येईल, तेव्हा शक्यतो कडेची जागा निवडावी.

सायकली मागे, गाडीने कापलेल्या हवेच्या आडोशाला असल्याने टपावरच्या सायकलींपेक्षा रेंज कमी घटते. तुमच्या गाडीची घोषित रेंज २५९ मैल आहे आणि माँटेरे सॅन होजेपासून सुमारे ७० मैलांवर आहे, म्हणजे १४० मैलांचा जाऊन-येऊन प्रवास आरामात होईल. फक्त वेग ताशी ६५ मैलांच्या आत ठेवा आणि निघण्याआधी उलट जाताना होणाऱ्या इशाऱ्यांचा आवाज पडद्यावरच्या मेन्यूतून बंद करता येतो का ते पाहा; कारण सेन्सर सायकलींनाच अडथळा समजतात.