फँटसी रोमान्स मालिकेचं पहिलं पुस्तक: तुम्ही त्या जगात कसे शिरलात?

सध्या एका फँटसी रोमान्स मालिकेचं पहिलं पुस्तक वाचतेय आणि डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून हा धागा काढतेय. अशी मालिका पहिल्यांदा उघडली तेव्हा तुम्ही नेमके कुठे अडकलात, नकाशापाशी, जादूच्या नियमांपाशी की त्या दोघांपाशी, ते लिहा. पुस्तकाचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, पण पुढच्या भागांचे स्पॉयलर प्लीज नकोत.

मीच सुरुवात करते. या पुस्तकात प्रत्येक मंत्रामागे जादूगाराची एक आठवण जाते आणि गेलेली परत येत नाही. हे कळतं कसं, तर सुरुवातीलाच एक बाई जळतं घर विझवते आणि मग दारात उभ्या असलेल्या मुलाला विचारते, तू कोणाचा रे? बास. लेखिका समजावून एक वाक्य सांगत नाही, पण त्यानंतर नायकाने मंत्रासाठी हात उचलला की माझ्या पोटात गोळा येतो, आता हा नायिकेबद्दलचं काय विसरणार. माझ्यासाठी श्रीमंत वर्ल्डबिल्डिंग (कथेचं जग उभं करणं) म्हणजे हे. पाच राज्यं आणि सात देव कोणीही मांडेल, पण जादूची किंमत प्रेमातून वसूल झाली पाहिजे. लिहा आता.

*

मी नकाशावाला. पुस्तक हातात आलं की आधी नकाशा, मग बाकीचं. माझ्या मालिकेच्या नकाशात दोन राज्यांच्या मधून मोठी नदी जाते आणि तिच्यावर एकही पूल नाही, मला वाटलं काढायचा राहिला असेल. पुढे कळतं की पूल होते, दोन्हीकडच्यांनी आपापले जाळले, आणि नायक नायिका पहिल्यांदा भेटतात तेच मधल्या पाण्यात, दोन होड्या एकमेकींना घासतायत आणि दोघांच्याही हातात शस्त्र. मी तिथेच थांबून मागे नकाशाकडे गेलो. एनिमीज टू लव्हर्स, म्हणजे आधी वैरी मग प्रेमी, हे खूप वाचलंय, पण वैर नकाशातच दिसत असेल तर प्रेम होणं किती अवघड आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

*

मी ऑडिओबुक ऐकते त्यामुळे नकाशा नाही, मागची शब्दसूची नाही, सुरुवातीला नुसता नावांचा पाऊस. पहिले दोन-तीन चॅप्टर परत ऐकते, लाज नाही वाटत. फायदा असा की नावं कशी उच्चारायची ते आपोआप कळतं, आणि दोन्ही पीओव्हींना, म्हणजे आपापल्या बाजूने कथा सांगणाऱ्या दोघांना, वेगळे आवाज असले तर नायक तिच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज कुठे उतरतो ते अगदी कानात ऐकू येतं. छापील पुस्तकात हे मिळणार नाही.

*

धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत, त्यात थोडी भर. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मधे एका लेखात जादूबद्दल एक नियम मांडला होता, साधारण असा, की वाचकाला जादू जेवढी समजलेली असेल तेवढ्याच प्रमाणात लेखकाने जादूने अडचणी सोडवाव्यात. लढायांना हे लागू होतंच, पण मला वाटतं रोमान्समधे ते जास्त कडक लावायला हवं. कारण तिथली खरी अडचण दोन माणसांच्या मधली असते आणि ती जादूने सुटली तर हातात काही उरत नाही. म्हणून फेटेड मेट्स, म्हणजे नशिबानेच बांधलेली जोडी, हा ट्रोप (नेहमीचा कथासाचा) मला फार सांभाळून हवा असतो. नशिबानेच बांधलंय तर निवडलं कोणी? एका मालिकेत पहिल्याच पुस्तकात नायिकेला तो बंध तोडायची सोय असते, ती तोडते, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाते. तो चॅप्टर वाचून मी पुस्तक बंद करून नुसती बसून राहिले होते.

*

>> नशिबानेच बांधलंय तर निवडलं कोणी?

मला उलट तो बंधच आवडतो. आधी बांधले जातात आणि मग एकमेकांना ओळखायला शिकतात, त्यातही निवड आहेच की, रोजची.

*

परीलोकवाल्या कथा माझ्या खास आवडीच्या. युरोपातल्या लोककथांमधले नियम त्यात घेतलेले असतात, त्या लोकांना लोखंड सोसत नाही, दिलेला शब्द मोडता येत नाही, आणि अलीकडच्या पुस्तकांत तर त्यांना खोटंही बोलता येत नाही. आता प्रेमात पडलेल्या आणि ते लपवायचं असलेल्या माणसाची काय अवस्था होईल बघा. नायिका विचारते, मी तुला आवडत नाही ना? आणि तो म्हणतो, रात्र फार झालीय, आत जा. तिला लगेच कळत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं! एका नियमातून अख्खा स्लो बर्न, म्हणजे हळूहळू पेटणारं प्रेम, उभा राहतो.

*

हा प्रकार मराठीला अजिबात नवा नाही हे कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला १८६१ ची, रिसबुडांची मंजुघोषा १८६८ ची, आपल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्या अद्भुतरम्यच होत्या आणि त्यांच्या मधोमध प्रेमकथाच होती. नंतर वास्तववादी लिखाण आलं आणि त्यांना नावं ठेवली गेली. ताटातूट, संकटं, अद्भुत प्रसंग आणि शेवटी भेट, ही ओढ जुनीच आहे. आजच्या मालिका मी त्याच आनंदाने वाचतो.

*

मी स्वतः अशी मालिका लिहितेय, पहिलं पुस्तक चालू आहे, त्यामुळे सगळं अधाशासारखं वाचलं. सगळ्यात कठीण काम म्हणजे इन्फो डम्प, म्हणजे माहितीचा एकदम मारा, टाळून जग सांगणं. मला सापडलेली वाट अशी की दोघांना एकाच जगाच्या दोन टोकांतून आणायचं. तिच्या गावात मेलेल्यांची नावं घेतली की दिवे विझतात, त्याला ते माहीत नाही, तो जेवताना सहज आपल्या भावाचं नाव घेतो आणि अंधार होतो. आता तिला कळलं की भाऊ गेलाय, त्याला कळलं की इथला नियम काय आहे, आणि अंधारात ती त्याच्या हातावर हात ठेवते. माहिती द्यायची होती ती गेली आणि प्रेमही एक पाऊल पुढे गेलं. असे प्रसंग सुचायला वेळ लागतो, पण एक जमला की पानंच्या पानं वर्णन कापता येतं.

दुसरा प्रश्न शेवटाचा. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेच्या व्याख्येत रोमान्सला दोनच गोष्टी लागतात, मध्यवर्ती प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशावादी शेवट. मग एकच जोडी चार पुस्तकं चालवायची असेल तर पहिल्याचा शेवट काय करायचा? मी ठरवलंय, युद्ध अर्धवट राहू दे, पण त्या दोघांनी एकमेकांना एक खरी गोष्ट सांगितलेली असली पाहिजे.

*

हे वरचं फार पटलं. क्लिफहँगर, म्हणजे ऐन क्षणी अर्धवट सोडलेला शेवट, राज्याचा असेल तर मी वर्षभर सुद्धा थांबते. शेवटच्या पानावर उगाच गैरसमज करून दोघांना तोडलं की मात्र दुसरा भाग उघडावासा वाटत नाही.

*

आई आजारी होती तेव्हा रात्री तिच्या उशाशी बसून पहिली मालिका वाचली. जाड पुस्तक, खूप नावं, खूप घराणी, आणि तेच हवं होतं कारण डोक्याला दुसरा विचार करायला जागाच उरायची नाही. आई विचारायची, आज कुठपर्यंत आलं तुझं, मग मी तिला तो दिवसभराचा भाग सांगायचे, ती नायकाला "तो पंखवाला" म्हणायची. आई आता बरी आहे आणि दुसऱ्या भागात पंखवाल्याचं काय झालं ते तिला रोज फोनवर सांगावं लागतं.