कॉलेजच्या हमीपत्रातलं ‘प्रतिमा मलिन’ म्हणजे नेमकं काय हो?

कसबापेठी
परवा बिनभिडे यांनी लिहिलं, की प्रत्येक कॉलेजने प्रवेशाच्या वेळीच मुलांकडून सोशल मीडियाचं हमीपत्र घ्यावं. ‘मुलं शिकायला येतात, मतं पाजळायला नाही. पुण्यातल्या त्या मुलीला कॉलेजने काढलं ते शंभर टक्के बरोबर.’ खाली बदामांचा पाऊस. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण राग दोन ओळींत मावेना.

मे २०२५ आठवा. ऑपरेशन सिंदूर चालू होतं. पुण्यात अभियांत्रिकीची १९ वर्षांची मुलगी दुसऱ्या कुणाची तरी सरकारवर टीका करणारी पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे ढकलते, धमक्या यायला लागल्यावर दोन तासांत काढते, माफीही मागते. तरी कॉलेजने नाव कमी केलं, पोलिसांनी अटक केली आणि ऐन परीक्षेत रवानगी येरवड्यात. २७ मेला हायकोर्टाने तिची सुटका केली, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. तिचं म्हणणं ऐकून न घेताच तिला काढलं होतं. ती पोस्ट मलाही आवडली नव्हती. पण मला न आवडणं हा गुन्हा कधीपासून झाला?

आता हमीपत्र. त्यात एक वाक्य हमखास असतं, ‘संस्थेची प्रतिमा मलिन होईल असे वर्तन करणार नाही’. मलिन झाली हे ठरवणार कोण? संस्था. तक्रार कुणाची? संस्थेची. निकाल? तोही तिचाच. माझ्या भाच्याने मेसच्या भाजीत निघालेल्या अळीचा फोटो स्टोरीला टाकला, त्याला हेच कलम लावलं. आईवडिलांना गावाहून बोलावून माफीनामा लिहून घेतला. मेसवाल्याला कुणी बोलावलं नाही.

दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाने २०२३ मध्ये नियमपुस्तिका काढली. शैक्षणिक इमारतीच्या १०० मीटरच्या आत धरणं धरलंत तर २० हजारांपर्यंत दंड, ‘देशविरोधी’ घोषणेला १० हजार. निदान तिथे दरपत्रक तरी आहे.

बिनभिडे
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभार. सीमेवर जवान लढत असताना शत्रूची तळी उचलणारी पोस्ट आणि मेसमधली अळी एकाच पंक्तीला बसवलीत, त्याबद्दल दंडवत.

आणि एक सांगा. मे २०२२ मध्ये नाशिककडचा फार्मसीचा विद्यार्थी शरद पवारांवर रोख असल्याच्या आरोपाखाली एका ट्वीटवरून आत गेला. ट्वीटमध्ये पवारांचं नावसुद्धा नव्हतं. पोरगं महिनाभर आत होतं. सरकार तुमच्या आवडीचं होतं ना? तेव्हा कुठला धागा काढला होतात?

कसबापेठी
सरकार माझ्या आवडीचं, हे परस्पर ठरवून टाकलंत. ती अटकही चूकच होती. हायकोर्टाने तेव्हाच्या सरकारलाही सुनावलं होतं. धागा काढला नाही, हे खरं. पण तुमच्याच उदाहरणाने माझा मुद्दा पक्का होतो, कळतंय का? सरकार बदललं तरी आत पोरगंच जातं.

खडूवाला
तुम्ही दोघंही कॉलेजच्या गेटवर कधी उभे राहिलेले दिसत नाही. मी राहिलोय. आमच्या कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने स्टेटस ठेवलं, कशावरून ते सांगत नाही, नाहीतर इथेही दंगल होईल. अर्ध्या तासात गेटवर तीस-चाळीस जण. मुलगा प्रॅक्टिकलला. शिपायाने त्याला वर्कशॉपच्या मागच्या दाराने काढून स्वतःच्या मोटरसायकलवर स्टँडवर पोचवला. इकडे मी जमावाला सांगत होतो, ‘कारवाई केली आहे, हे बघा पत्र’. त्या पत्रावर लावायला कलम होतं म्हणून जमाव हलला. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये स्टेटसवरून जमाव रस्त्यावर उतरला, दगडफेक झाली, ते विसरलात? आदर्श लोकशाहीच्या गप्पा ठीक आहेत, काच फुटते ती माझ्या लॅबची.

वकिलीण
सर, मुलाला सुखरूप काढलंत, त्याबद्दल मनापासून नमस्कार. पण तुम्ही जे सांगितलंत त्याचा अर्थ, नियम कॉलेजचा आणि वापरतो जमाव. गेटवर आलेल्या चाळिसांपैकी किती जणांवर गुन्हा दाखल झाला? २ फेब्रुवारी २०२४, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. मुलांचं नाटक बंद पाडलं गेलं, आणि अटक झाली विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. मंचावर घुसलेल्यांना नाही.

आणि २०१२ चं पालघर? बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट टाकणारी एक आणि ती नुसती लाईक करणारी दुसरी, दोघींना अटक. ते बघून कायद्याचं शिक्षण घेऊ पाहणारी एक मुलगी सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१५ मध्ये ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं आयटी कायद्याचं ६६अ कलम रद्द झालं. विद्यार्थ्यांनी फक्त शिकायचं असतं, नाही का?

कराडची काकू
मला एवढंच विचारायचंय, हे हमीपत्र स्टँपपेपरवर का लागतं? मुलीच्या प्रवेशाला पाचशेचा स्टँप, वर नोटरी, टायपिंग वेगळं. आत काय लिहिलंय ते वाचायला वेळच दिला नाही, मागे रांग होती.

नदीकाठचा
काकू, ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टँप बंद झाला, आता किमान पाचशे. पण शैक्षणिक कामाला माफ आहे. भांडायचं.

वकिलीण
अर्धवट माहिती देऊ नका. माफी आहे ती जात, उत्पन्न, रहिवासी अशा सरकारी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना. महसूलमंत्र्यांनी २०२५ मध्ये तेच जाहीर केलं. खासगी कॉलेजने स्वतःसाठी लिहून घेतलेलं हमीपत्र त्यात बसत नाही.

नदीकाठचा
मग साध्या कागदावर घ्यावं की! रॅगिंगविरोधी हमीपत्र यूजीसी ऑनलाइन घेते, पै लागत नाही.

कराडची काकू
आणि दाखल्यालाही माफी फक्त कागदावर. सेतूवाला म्हणतो, स्टँप नसेल तर साहेब घेत नाहीत. साहेब म्हणतात, आम्ही मागितलाच नाही. मी दोन्हीकडे हेलपाटे घालून शेवटी स्टँप घेतला.

बिनभिडे
सेतूचा धागा वेगळा काढा, मीही येतो. आमच्या तालुक्याला तर स्टँपच मिळत नाहीत, विक्रेता म्हणतो ‘संपले’, बाहेरचा एजंट वर पन्नास घेऊन देतो.

कसबापेठी
अहो, मूळ विषय?

नदीकाठचा
हाच मूळ विषय आहे. बोलायला पाचशे, गप्प बसायला पाचशे.

मिशिगनकर
इकडे मिशिगन विद्यापीठाने असाच ‘दुखावणारं बोलू नका’ नियम केला होता. १९८९ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, कारण काय बोललं की गुन्हा, हे विद्यापीठालाच सांगता येईना. भारतात ही समज यायला वेळ लागेल.

बिनभिडे
आले! तुमच्याकडे २०२५ मध्ये बोस्टनजवळ एका परदेशी विद्यार्थिनीने विद्यापीठाच्या पेपरात लेख लिहिला म्हणून तिला भर रस्त्यात तोंड झाकलेल्या माणसांनी उचललं. तुमची समज कुठल्या विमानाने परत गेली?

मिशिगनकर
ते सरकारने केलं, विद्यापीठाने नाही. फरक आहे.

बिनभिडे
उचललेल्या पोरीला विचारा फरक.

कसबापेठी
बिनभिडे, हे वाक्य जपून ठेवा. उद्या येरवड्याचा विषय निघाला की मी तुम्हालाच परत ऐकवणार.

बिनभिडे
शब्दांत पकडायची हौस दांडगी. ठीक आहे, तुरुंग जास्त झाला, मान्य. खूश? पण कॉलेजला काढायचा अधिकार असलाच पाहिजे.

खडूवाला
असावा. पण काढण्याआधी लेखी नोटीस, उत्तराला मुदत आणि समितीत बाहेरचा एक माणूस, एवढं हवं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, ते पत्र मी गेटवर उभ्याउभ्या लिहिलं होतं. कलम काढून टाका म्हणणाऱ्यांनी मात्र आधी गेटवर एक तास उभं राहून दाखवावं.

वकिलीण
येते सर. तारीख कळवा, पोलिसांनाही बोलावून ठेवा. आणि ‘प्रतिमा मलिन’च्या जागी धमकी, छळ, हिंसेची चिथावणी असं स्पष्ट लिहा. अळीचा फोटो त्यात बसत नाही.

खडूवाला
लिहून पाठवा. व्यवस्थापन मंजूर करणार नाही, पण मांडतो.

कराडची काकू
नवीन हमीपत्र करणार असाल तर साध्या कागदावर करा हो. धाकट्याचा प्रवेश पुढच्या वर्षी आहे.