दीर्घिकेचा शेजार आणि तिच्या मधलं कृष्णविवर: दाट वस्तीत एजीएन (सक्रिय दीर्घिका-केंद्रं) वाढतात की घटतात?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय आहे: दीर्घिका क्लस्टरमध्ये (दीर्घिकांच्या मोठ्या समूहात) आहे की एकटीदुकटी, याचा तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराच्या सक्रियतेवर काय परिणाम होतो. दुर्बिणीचा वेळ मिळण्याचा प्रश्नच नाही, म्हणून एसडीएसएस या आकाश-सर्वेक्षणाचा खुला डेटा घेतलाय. रेडशिफ्ट (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला, पर्यायाने अंतर किती, याचं माप) ०.०२ ते ०.०८. प्रत्येक दीर्घिकेसाठी पाचव्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर काढून दाटी मोजली, आणि बीपीटी आलेखावर (चार उत्सर्जन रेषांच्या गुणोत्तरांवरून वायू कशामुळे आयनित झाला ते ओळखायचा आलेख) कॉफमन रेषेच्या वर जे पडेल ते एजीएन धरलं.

अडचण अशी की माझ्या आलेखात दाटी वाढेल तसं एजीएनचं प्रमाण वाढतंय. वाचनात मात्र तीन वेगळ्या गोष्टी आल्या. ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फील्डमध्ये (क्लस्टरबाहेर) ५ टक्के आणि क्लस्टरमध्ये १ टक्का असं दिलंय. मिलर आणि सहकारी २००३ मध्ये म्हणतात की दाटीचा फरकच पडत नाही. कॉफमन २००४ मध्ये म्हणतात की जोरदार एजीएन विरळ जागी जास्त. वाढ कुणीच सांगत नाही. चूक नेमकी कुठे शोधू? गाईड सरांना दाखवण्याआधी पक्कं करायचंय.

ताम्रसृती

तुझ्या आलेखात दोन गोष्टी मिसळल्यात असं दिसतंय. दोन्ही दुरुस्त करता येतात.

पहिली वस्तुमानाची. क्लस्टरमध्ये जड दीर्घिका जास्त असतात आणि जड दीर्घिकांत एजीएन सापडण्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं. त्यामुळे नुसती दाटी विरुद्ध एजीएन असा आलेख काढला की शेजाराचा परिणाम म्हणून तू खरं तर वस्तुमानाचाच परिणाम मोजत असतोस. गॅलस्पेकएक्स्ट्रा या तक्त्यात एकूण ताऱ्यांच्या वस्तुमानाचा लॉग दिलेला आहे, तो घे. प्रत्येक दाट जागेतल्या दीर्घिकेसाठी विरळ जागेतल्या पाच जोडीदार दीर्घिका निवड: वस्तुमान ०.१ डेक्सच्या (लॉगमधल्या फरकाच्या) आत आणि रेडशिफ्ट ०.००५ च्या आत. रेडशिफ्टची अट सोडू नकोस. एसडीएसएसचा फायबर (दीर्घिकेचा प्रकाश गोळा करणारा काचतंतू) ३ आर्कसेकंदांचा आहे. ०.०२ रेडशिफ्टला तो दीर्घिकेचा मधला सव्वा किलोपार्सेक (१ किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) बघतो, तर ०.०८ ला साडेचार. लांबच्या दीर्घिकेत केंद्राच्या उजेडात आजूबाजूच्या ताऱ्यांचा उजेड मिसळतो आणि दुबळा एजीएन त्यात बुडून जातो. काही रिकाम्या नोंदींत -९९९९ भरलेलं असतं, ते आधी गाळ. नाहीतर सरासरी कुठल्या कुठे जाते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कॉफमन रेषेच्या वरचं सगळं एजीएन नसतं. त्या रेषेच्या आणि केवलीच्या २००१ च्या रेषेच्या मधल्या दीर्घिका मिश्र असतात, त्यांचा वेगळा गट कर. आणि उजवीकडे खाली लायनर नावाचा जो ढीग दिसतो, त्यातल्या बऱ्याच दीर्घिकांत कृष्णविवर काहीच करत नसतं. तारे जन्मायचे थांबलेल्या म्हाताऱ्या दीर्घिकेत आयुष्याच्या शेवटाकडे आलेले तापलेले तारे थोडाफार वायू आयनित करतात आणि रेषांची गुणोत्तरं अगदी लायनरसारखी येतात. सिड फर्नांडिस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर साधी कसोटी दिली: एच-अल्फा या हायड्रोजनच्या रेषेची इक्विव्हॅलंट विड्थ (सलग प्रकाशाच्या तुलनेत रेषेची ताकद) ३ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर ती 'निवृत्त' दीर्घिका समजा. अशा निवृत्त दीर्घिका सर्वात जास्त कुठे भरलेल्या असतात? क्लस्टरमध्येच. तुझी वाढ बहुतेक तिथूनच येतेय.

एक तांत्रिक खोच. गॅलस्पेकलाइन या तक्त्यात उत्सर्जन रेषांची इक्विव्हॅलंट विड्थ उणे चिन्हात असते. म्हणजे अट '३ पेक्षा जास्त' अशी लिहिली तर जवळजवळ सगळं उलटं निवडलं जातं. 'उणे ३ पेक्षा कमी' असं लिही. चारही रेषांचं सिग्नल-नॉइज ३ च्या वर ठेवायची पद्धत आहे, पण एच-बीटाकडे स्वतः बघ. ती ताऱ्यांच्या शोषणाच्या खळग्यात बसलेली असते, आणि खळगा नीट वजा झाला नाही तर ओ-३ (ऑक्सिजनची रेषा) भागिले एच-बीटा उगाच फुगतं.

दाटीच्या प्रत्येक गटातले थोडे स्पेक्ट्रम डोळ्यांनी बघच. ०.०५ च्या आसपासची दीर्घिका घेतलीस तर ६५६३ अँगस्ट्रॉमची एच-अल्फा ६८९१ ला येते आणि ६५८४ ची एन-२ (नायट्रोजनची रेषा) येते ६९१३ ला. आपल्या वातावरणातल्या ऑक्सिजनचा शोषणपट्टा ६८७० पासून पुढे नेमका तिथेच आहे. दुरुस्ती केलेली असते, पण रेषा दुबळी असेल तर एन-२ चा शेंडा कुरतडल्यासारखा दिसतो. असे नमुने दिसले की त्या रेडशिफ्टची पट्टी वगळून उत्तर बदलतंय का ते तपास.

पाचवा शेजारी

ताम्रसृती यांचं बरोबर आहे. दाटी मोजण्यात होणाऱ्या चुका मी लिहितो, कारण त्या आलेखात दिसत नाहीत.

शेजारी मोजताना तेजस्वितेची मर्यादा एकच हवी. एसडीएसएसची मुख्य यादी १७.७७ प्रतीपर्यंत आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू फिकट), म्हणजे जवळ फिकट दीर्घिकाही दिसतात आणि लांब फक्त ठळक. सगळ्या शेजारी म्हणून मोजल्या तर जवळची प्रत्येक जागा दाट वाटते. ०.०८ पर्यंत जायचं असेल तर निरपेक्ष प्रत (सगळ्या सारख्याच अंतरावर आहेत असं धरून काढलेली) सुमारे -२० पेक्षा तेजस्वी असलेल्याच शेजारी धर. मोजायची दीर्घिका फिकट असली तरी चालेल, शेजारी मात्र या गाळणीतूनच आले पाहिजेत.

रेडशिफ्टवरून त्रिमितीय अंतर काढायचा मोह टाळ. क्लस्टरमध्ये दीर्घिका सेकंदाला ७०० ते १००० किलोमीटर वेगाने इकडेतिकडे फिरत असतात. १००० किलोमीटरच्या फरकाचं हबलच्या नियमाने अंतर काढलं तर १४ मेगापार्सेक येतं. क्लस्टर स्वतः दोन-तीन मेगापार्सेकचा! म्हणून वेगाची खिडकी उणे-अधिक १००० ठेव आणि त्या खिडकीत आकाशावरचं प्रक्षेपित अंतर घे. दाटी म्हणजे ५ भागिले (पाय गुणिले त्या अंतराचा वर्ग). ०.०५ ला एक आर्कमिनिट म्हणजे जवळपास ५९ किलोपार्सेक, हे हाताशी असू दे. आकडे भलतेच आले तर लगेच कळतं. सर्वेक्षणाची कड पाचव्या शेजाऱ्यापेक्षा जवळ असेल तर ती दीर्घिका वगळ. तिचे निम्मे शेजारी यादीबाहेर असतात आणि ती खोटीच एकाकी ठरते.

आता फायबरची टक्कर. एका प्लेटवर दोन फायबर ५५ आर्कसेकंदांपेक्षा जवळ बसत नाहीत. ०.०८ ला हे अंतर ८० किलोपार्सेकच्या वर जातं. म्हणजे दोन दीर्घिका एकमेकींना भिडत असतील तर बहुधा एकीचाच स्पेक्ट्रम असतो. एलिसन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की जोडीतलं अंतर ४० किलोपार्सेकच्या आत आलं की एजीएनचं प्रमाण अडीच पटीपर्यंत वाढतं. परिणाम जिथे सर्वात ठळक, तिथेच तुझ्या यादीला भोकं आहेत. प्रकाशचित्रांच्या तक्त्यातून ५५ आर्कसेकंदांच्या आतले साथीदार शोध आणि स्पेक्ट्रम नसलेल्यांना फोटोमेट्रिक रेडशिफ्ट (रंगांवरून काढलेला अंदाज) लाव. पूर्ण भरपाई होत नाही, पण किती जोड्या सुटल्या याचा अंदाज रिपोर्टमध्ये देता येतो.

शिवाय 'पाचवा शेजारी' हा एकच आकडा सगळं सांगत नाही. एकाच दाटीची जागा लहान गटाच्या मध्यभागी असू शकते किंवा मोठ्या क्लस्टरच्या काठावर. लहान गटात दीर्घिकांचे परस्पर वेग कमी, त्यामुळे त्या एकमेकींत मिसळू शकतात. मोठ्या क्लस्टरमध्ये त्या इतक्या वेगात शेजारून निघून जातात की मिसळणं अवघड. तिथे तप्त वायूचा दाब काम करतो. दोन्ही ठिकाणी कृष्णविवराकडे वायू जाण्याची वाट वेगळी आहे, म्हणून गट आणि क्लस्टर वेगळे काढ.

खोडदची वाट

सगळी चर्चा प्रकाशीय रेषांवर चाललीय, त्यात अर्धं चित्र सुटतं. क्लस्टरच्या मधोमध बसलेली सर्वात मोठी दीर्घिका रेडिओत बघा. तिथे दाटीबरोबर सक्रियता वाढते, आणि ही वाढ खरी आहे. बेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की रेडिओ एजीएनचं प्रमाण ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या साधारण अडीचाव्या घाताने वाढतं. २००७ मध्ये पुढे असं आलं की क्लस्टरच्या मध्यातल्या दीर्घिकांत ते तेवढ्याच वस्तुमानाच्या इतर दीर्घिकांपेक्षाही जास्त असतं. यातल्या बहुतेकांत प्रकाशीय रेषा इतक्या दुबळ्या असतात की बीपीटीवर त्या दिसतही नाहीत.

कारण खाद्य वेगळं आहे. क्लस्टरभर १ ते १० कोटी अंशांचा वायू पसरलेला असतो. मध्यभागी तो दाट असतो, क्ष-किरण सोडत थंड होतो आणि हळूहळू आत झिरपतो. कृष्णविवराला थोडाच पण न तुटणारा पुरवठा मिळतो, त्यातून झोत निघतात आणि झोत भोवतालच्या वायूलाच परत तापवतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात, तसाच हा कारभार. पर्सियस क्लस्टरमध्ये एनजीसी १२७५ भोवती चंद्रा दुर्बिणीने टिपलेली पोकळ्यांची चित्रं बघा, झोतांनी तप्त वायू बाजूला सारून केलेली विवरं स्पष्ट दिसतात. कन्या क्लस्टरमधली एम ८७ हेही तेच उदाहरण. २०१९ मध्ये जिच्या कृष्णविवराच्या सावलीचं चित्र आलं तीच ही, साडेसहा अब्ज सूर्यांचं कृष्णविवर असलेली.

रंकाळाकाठ, तुझ्या यादीला फर्स्ट हे रेडिओ सर्वेक्षण जोड. १.४ गिगाहर्ट्झ, ५ आर्कसेकंद रेझोल्यूशन, मर्यादा सुमारे १ मिलिजान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक). जुळवणीची त्रिज्या ३ आर्कसेकंद पुरते. मात्र पसरलेल्या झोतांचे तुकडे फर्स्टमध्ये सुटे पडतात, म्हणून एकूण तीव्रतेसाठी ४५ आर्कसेकंदांचं एनव्हीएसएस हे दुसरं रेडिओ सर्वेक्षण घे. तारे जन्मत असलेल्या दीर्घिकाही रेडिओत दिसतात. त्या टाळायला १० चा २३वा घात वॅट प्रति हर्ट्झच्या वरचेच घे, ०.०८ ला हे साधारण ६ मिलिजान्स्की होतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेलं टीजीएसएस सर्वेक्षण खुलं आहे, रेझोल्यूशन २५ आर्कसेकंद. त्यात जुने, मालवत चाललेले झोत जास्त उठून दिसतात, कारण म्हातारे इलेक्ट्रॉन कमी कंप्रतेला जास्त काळ चमकतात. आत्ता कृष्णविवर शांत असलं तरी मागच्या काही कोटी वर्षांत ते जागं होतं का, हे त्यातून कळतं.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. निवृत्त दीर्घिका काढल्या आणि वस्तुमान जुळवलं, तर वाढ गेली. आता प्रमाण जवळपास सपाट आहे, फक्त सर्वात दाट गटात थोडं खाली येतं. पण त्या गटात एजीएन मोजकेच आहेत. त्रुटी किती धरू? आणि दुसरं: क्लस्टरमध्ये वायू निघून जातो म्हणून एजीएन घटतात, असं मी लिहिणार होतो. पण जेलीफिश दीर्घिकांत (क्लस्टरमध्ये घुसताना वायूच्या शेपट्या मागे सुटलेल्या) उलट एजीएन जास्त सापडतात असं वाचलं. मग दाब वायू काढतो की कृष्णविवराला भरवतो?

ताम्रसृती

आधी त्रुटी. वर्गमुळाचा नियम इथे लावू नकोस. समज गटात ३० दीर्घिका आहेत आणि ३ एजीएन. प्रमाण १० टक्के, पण बीटा वितरणाने ६८ टक्के विश्वासाची मर्यादा साधारण ७ ते १८ टक्के येते, आणि ती वर-खाली सारखी नाही. २० दीर्घिकांत एकही एजीएन नसेल तर वर्गमुळाने त्रुटी शून्य येते, जे उघड चुकीचं आहे. खरं म्हणजे ९५ टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की प्रमाण सुमारे १४ टक्क्यांच्या आत आहे. पायथनच्या सायपायमध्ये बीटा वितरण तयार आहे: पहिला पॅरामीटर एजीएन अधिक १, दुसरा उरलेल्या दीर्घिका अधिक १. पट्टे काढून बघ. तुझी घसरण त्यात बुडत असेल तर 'घट' लिहू नकोस, 'वाढ दिसत नाही' एवढंच लिही.

जेलीफिशमध्ये दोन्ही गोष्टी घडतात, एकापाठोपाठ. दाब म्हणजे भोवतालच्या वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग (गन आणि गॉट, १९७२), म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. दीर्घिका पहिल्यांदा क्लस्टरमध्ये घुसते तेव्हा कडेचा सैल धरलेला वायू मागे शेपटीसारखा सुटतो, आणि आतल्या वायूचा कोनीय संवेग घटून त्यातला काही केंद्राकडे घसरतो. कृष्णविवराला वायू मिळण्यातली खरी अडचण कोनीय संवेगाचीच असते. वायू नुसता असून भागत नाही. हा टप्पा थोडा काळ टिकतो. पुढे वायूच संपला की दोन्ही थांबतं. जुन्या रहिवाशांत एजीएन कमी आणि नुकत्या आलेल्यांत जास्त, यात विरोध नाही.

पॉजियान्ती आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या निबंधात बहुतेक जेलीफिशमध्ये एजीएन सापडले, पण दीर्घिका मोजक्या होत्या आणि सर्वात लांब शेपट्यांच्या म्हणून निवडलेल्या. त्याही जड होत्या, म्हणजे वस्तुमानाचा प्रश्न तिथेही येतो. तुझ्याकडे शेपट्यांची चित्रं नाहीत, तरी एक करता येईल. क्लस्टरच्या केंद्रापासूनचं अंतर आडव्या अक्षावर आणि क्लस्टरच्या सरासरी वेगापासूनचा फरक, क्लस्टरच्या वेगविस्ताराने भागून, उभ्या अक्षावर घे. मध्याजवळ आणि जास्त वेगात असलेल्या दीर्घिका बहुधा नुकत्या पडणाऱ्या, कमी वेगाच्या जुन्या. त्या दोन गटांत एजीएनचं प्रमाण वेगवेगळं काढ, वस्तुमान जुळवून. सगळी क्लस्टर एकावर एक रचलीस तरच आकडे पुरतील, एकेका क्लस्टरमध्ये पुरणार नाहीत.

पन्हाळ्यावरून

एक छोटी भर, सादरीकरणासाठी. ज्या प्रकारच्या दीर्घिकांवर प्रोजेक्ट आहे तशा दोन आपल्याकडून दिसतात, ८ इंची दुर्बीण पुरते. एम ७७ ही सेफर्ट (तेजस्वी सक्रिय केंद्राची) दीर्घिका, प्रत सुमारे ९, तिमिंगल तारकासमूहात डेल्टा ताऱ्यापासून एका अंशाच्या आत. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री तिचा मधला ठिपका ताऱ्यासारखा टोकदार दिसतो. एम ८७ मार्च-एप्रिलला कन्येत दिसते, कापसाच्या गोळ्यासारखी. झोत मात्र या दुर्बिणीत दिसणार नाही. शहराच्या उजेडाच्या उलट्या बाजूला, अमावास्येच्या जवळची रात्र धरा. जूनपासून सप्टेंबरअखेर ढगांमुळे काही जमत नाही, त्यामुळे एम ८७ बघायची असेल तर एप्रिल चुकवू नका.