लोरान बंद करणं हा शहाणपणा होता की कद्रूपणा?

ध्रुवमत्स्य

८ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेच्या तटरक्षक दलाने लोरान-सीची, म्हणजे जहाजांना आपलं स्थान काढून देणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेची, बहुतेक केंद्रं बंद केली. त्याच वर्षी कॅनडाची गेली. २०१५ सरता सरता नॉर्वे, फ्रान्स, जर्मनी आणि डेन्मार्कनेही गाशा गुंडाळला. कारण सगळीकडे एकच: जीपीएस असताना हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा? माझ्या मते हा निव्वळ कद्रूपणा होता, आणि धोक्याची सूचना हातात असताना केलेला.

लोरानशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बॉम्बर विमानांसाठी 'जी' नावाची यंत्रणा उभारली, तर अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत लोरान आकाराला आलं. एक मुख्य केंद्र आणि दोन ते पाच दुय्यम केंद्रं ठरलेल्या वेळी रेडिओ स्पंद सोडतात. जहाजावरचा रिसीव्हर एवढंच मोजतो, की मुख्य केंद्राच्या स्पंदानंतर दुय्यम केंद्राचा स्पंद किती मायक्रोसेकंदांनी पोचला. तेवढाच फरक जिथे जिथे येईल ते सगळे बिंदू जोडले की नकाशावर एक अपास्त (हायपरबोला, एक वक्ररेषा) मिळतो. दुसऱ्या जोडीचा दुसरा अपास्त काढा. दोन्ही छेदतात तिथे तुम्ही. १९५७ पासून आलेलं लोरान-सी १०० किलोहर्ट्झवर चालायचं आणि हजार सागरी मैलांपलीकडे पोचायचं. नुसत्या अक्षांश-रेखांशाची अचूकता पाव सागरी मैल, पण कालच्याच जागी आज परत जायचं असेल तर काही दहा मीटर. मच्छीमार त्याच्यावर जीव टाकायचे ते यासाठी. कुठल्या बुडालेल्या जहाजात जाळं अडकतं, त्याचे मायक्रोसेकंदांचे आकडे वहीत टिपलेले असायचे.

आता जीपीएस. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, ट्रान्समीटर काही दहा वॅटचा. जमिनीवर पोचेपर्यंत उरतं काय, तर एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला एखाद-दुसरा. असा सिग्नल झाकोळून टाकायला मुठीत मावेल एवढं यंत्र पुरतं. अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावर हेच झालं. मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून एका ट्रकचालकाने जॅमर लावला आणि विमानं उतरवायला मदत करणारी तिथली यंत्रणा गडबडली. २०१३ मध्ये त्याला सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड ठोठावला गेला. लोरानला असं झाकायचं तर १०० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३ किलोमीटर, केंद्राची ताकद शेकडो किलोवॅट. तेवढा अँटेना ट्रकवर चढवून दाखवा.

तर्कतीर्थ

हा स्मरणरंजनाचा धागा आहे. छान आहे, पण हिशेब मांडा की.

लोरान उंची सांगत नाही, म्हणजे विमानासाठी निम्मं काम तिथेच बाद. व्याप्ती कुठे? मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या किनाऱ्यांलगत. दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर तुमचा तो पाव मैल नव्हताच. अलास्कात पोर्ट क्लॅरेन्सला ४११ मीटर उंचीचा मनोरा होता, तो एप्रिल २०१० मध्ये सुरुंग लावून पाडला. असले मनोरे उभे ठेवायचे, वीज पोचवायची, निर्जन किनाऱ्यावर माणसं ठेवायची, आणि सिग्नल कोण वापरतं तर कमी कमी होत चाललेले मच्छीमार. लोरान बंद केल्याने पाच वर्षांत १९ कोटी डॉलर वाचतील असा तेव्हाचा सरकारी अंदाज होता.

आणि जीपीएस एकटं कुठे आहे? रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू आहेत, प्रादेशिक पातळीवर भारताचं नाविक आहे. हल्लीचा साधा फोनही तीन-चार यंत्रणा एकदम ऐकतो.

ध्रुवमत्स्य

अहो, चार यंत्रणा म्हणजे चार पर्याय नव्हेत. जीपीएस, गॅलिलिओ आणि बायडूचा नवा नागरी सिग्नल, तिन्ही १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. एकाच जॅमरने तिन्ही आडवे. राहता राहिलं ग्लोनास. तेही शेजारच्याच पट्ट्यात, आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याच्या सगळ्या उपग्रहांनी काही तास चुकीची स्थाननोंद पाठवली होती. गॅलिलिओ जुलै २०१९ मध्ये जवळजवळ आठवडाभर आडवं पडलं होतं. १९ कोटींची बचत म्हणे!

निवृत्त_डेकवाला

मी या तिन्ही पिढ्यांवर वॉच, म्हणजे जहाजावरच्या पाळ्या, केलेत, म्हणून चार शब्द.

तरुण मंडळी लोरान-लोरान करतात, पण त्याच्या आगेमागे डेक्का आणि ओमेगा होते हे विसरू नका. डेक्का ब्रिटिशांचं, १९४४ च्या नॉर्मंडी चढाईत पहिल्यांदा कामाला आलं. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, तीन तबकड्या: लाल, हिरवी, जांभळी. काटे घड्याळासारखे सावकाश फिरत असायचे आणि तुम्ही त्याच रंगांच्या रेषा छापलेला चार्ट पुढ्यात घेऊन बसायचात. दिवसा चारेकशे सागरी मैलांपर्यंत उत्तम. सूर्य मावळला की आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतलेल्या लहरी मिसळायच्या आणि काटा एक अख्खी लेन, म्हणजे चार्टवरच्या दोन रेषांमधला पट्टा, निसटायचा. तबकडी तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवायची. त्यातून रिसीव्हर विकत मिळत नसे, कंपनीकडून भाड्याने घ्यावा लागे. लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

ओमेगा त्याहून वेगळं. १०-१४ किलोहर्ट्झ, जगभरात मिळून फक्त आठ केंद्रं: नॉर्वे, लायबेरिया, हवाई, नॉर्थ डकोटा, रियुनियन, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, जपान. त्या आठांत अख्खी पृथ्वी आली, त्यामुळे तर्कतीर्थ, जमिनीवरून जग व्यापता येत नाही असं समजू नका. पण अचूकता दोन ते चार मैल, आणि ८ मैलांच्या कुठल्या लेनमध्ये आहोत ते आपणच मोजत राहायचं. सेटची वीज गेली की मोजणी गेली. ३० सप्टेंबर १९९७ ला ओमेगा बंद झालं तेव्हा कुणी अश्रू ढाळलेले माझ्या पाहण्यात नाहीत.

लोरान-सी या दोघांपेक्षा हुशार होतं, कारण त्याने आयनांबराशी भांडण टाळलं. परतलेली लहर जमिनीलगतच्या लहरीनंतर निदान तीसेक मायक्रोसेकंदांनी येते. मग वेळ मोजायची ती स्पंदाच्या तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी, म्हणजे ३० मायक्रोसेकंदांवर, परतलेली लहर घोळ घालण्याआधीच. ज्याने हे शोधलं त्याला सलाम.

तरीही बंद केलं म्हणून गळा काढणाऱ्यांना मी 'रॉयल मॅजेस्टी' वाचायला सांगतो. १० जून १९९५, बर्म्युडाहून बोस्टनला निघालेलं प्रवासी जहाज, दीड हजार माणसं. निघाल्यावर तासाभरात जीपीएस अँटेनाची केबल सुटली. सेटने मुकाट्याने अंदाजपंचे स्थान दाखवायला सुरुवात केली, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'डीआर' एवढंच. चौतीसेक तासांनी नँटकेट बेटाजवळच्या उथळ वाळूत जहाज रुतलं, ठरल्या मार्गापासून १७ मैल बाजूला. आणि ब्रिजमागच्या चार्टरूममध्ये लोरान-सीचा सेट चालू होता, बरोबर स्थान दाखवत होता. कुणी बघितलंच नाही.

तर्कतीर्थ

धन्यवाद डेकवाले. माझा मुद्दा तुम्हीच पुरा केलात. ऐन भरात असलेलं लोरान एक जहाज वाचवू शकलं नाही, तिथे अब्जावधी खर्चून ते पुन्हा उभारून काय साधणार?

ध्रुवमत्स्य

वा! बघणाऱ्याने बघितलं नाही म्हणून खिडकीच विटांनी बंद करायची?

आता उलटं उदाहरण. २००८ मध्ये ब्रिटनच्या दीपगृह प्राधिकरणांनी 'पोल स्टार' हे आपलंच जहाज फ्लॅम्बरो हेडजवळ मुद्दाम जॅमरच्या टापूत नेलं. जीपीएस गेलं एवढंच झालं असतं तर ठीक होतं. पण काही रिसीव्हर बिनदिक्कत खोटं स्थान दाखवू लागले. इलेक्ट्रॉनिक चार्ट, जहाजांनी एकमेकांना आपली ओळख सांगायची एआयएस यंत्रणा, संकटकाळी स्थान कळवणारा रेडिओ, सगळ्यांच्या पोटात तोच जीपीएस. ब्रिजवर गजर सुरू झाले ते एकामागून एक. चालक मंडळींना आधीच सांगून ठेवलेलं होतं, तरी तारांबळ उडाली. त्या सगळ्यात शाबूत राहिलं ते ई-लोरान, म्हणजे लोरानची सुधारलेली आवृत्ती.

आणखी एक. अमेरिकेत लोरान ठेवावं की नाही हे ठरवायला तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमली होती. तिने एकमताने सांगितलं की ते सुधारून ई-लोरान करा आणि जीपीएसला जोड म्हणून ठेवा. समितीचे प्रमुख कोण? ब्रॅडफर्ड पार्किन्सन, जीपीएस कार्यक्रमाचे पहिले संचालक. ज्याने उपग्रह उडवले तोच म्हणतोय मनोरे पाडू नका, आणि तरी पाडले. मला राग येतो तो याचा.

मीटरबँड

तुम्ही सगळे जहाजांवरच अडकलात. स्थान हे आता या यंत्रणांचं जोडकाम झालंय, मुख्य धंदा वेळेचा आहे. मोबाइलचे टॉवर, वीजजाळ्याची मोजमापं, शेअरबाजारातल्या नोंदींचे शिक्के, सगळे जीपीएसवरून घड्याळ लावतात.

२६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह निवृत्त करताना जमिनीवरच्या संगणकातून चुकीचा आकडा वर गेला आणि अनेक उपग्रहांनी जागतिक प्रमाणवेळ १३ मायक्रोसेकंदांनी चुकवली. स्थान दाखवणाऱ्यांना पत्ताही लागला नाही, कारण ती दुरुस्ती स्थानाच्या गणितात येतच नाही. दूरसंचारवाल्यांकडे मात्र काही तास गजर वाजत राहिले. कुणी शत्रू नाही, जॅमर नाही, नुसती एक नोंद. इंग्लंडमधल्या अँथॉर्नच्या लोरान केंद्राची वेळ तेव्हा सरळ चालली होती, कारण त्याची सीझियमची अणुघड्याळं त्याची स्वतःची.

उपग्रह विरुद्ध मनोरा असं जे वर चाललंय तेही मला पटत नाही. १९५७ मध्ये स्पुतनिक उडाला तेव्हा जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत गायर आणि वाइफेनबाख यांनी त्याच्या 'बीप'चा डॉप्लर बदल (उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना वारंवारतेत पडणारा फरक) मोजून कक्षा काढली. मग मॅकक्लुअर म्हणाले, कक्षा माहीत असेल तर उलटं गणित करून ऐकणाऱ्याचं स्थान काढा. त्यातून १९६४ मध्ये पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्यांसाठी ट्रान्झिट ही उपग्रह यंत्रणा सुरू झाली. पण ट्रान्झिटचा उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत कधी तास-दीड तास ताटकळायचं. जीपीएसने डॉप्लर मागे ठेवून पुन्हा लोरानचीच चाल धरली: घड्याळं जुळवलेले अनेक ट्रान्समीटर आणि पोचण्याच्या वेळांतला फरक. मनोरे वर गेले आणि हलायला लागले, म्हणून सापेक्षतेची दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती करावी लागते, एवढंच.

तर्कतीर्थ

वेळेचा मुद्दा मान्य, पण वेळेसाठी मनोराच का? ऑप्टिकल फायबरवरून याहून चांगली वेळ पाठवता येते. ई-लोरान दहा-वीस मीटरची अचूकता सांगतं, ती कशावर? लहर जमिनीवरून जाताना समुद्रापेक्षा मंद होते, माती-खडकानुसार वेगवेगळी. प्रत्येक बंदरासाठी ती चूक मोजून तक्ते करा, वर दुरुस्ती पाठवणारं केंद्र बसवा. हे केलं तिथे दहा मीटर, बाकी ठिकाणी तुमचा जुना पाव मैल.

अमेरिकेने २०१८ मध्ये जमिनीवरच्या पर्यायी वेळयंत्रणेचा कायदा केला, मुदत दोन वर्षं. यंत्रणा कुठे आहे? कायदा करताना सगळे हो म्हणतात, पैसे देताना कुणी दिसत नाही. हेच माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे.

नवशिका_नावाडी

मधेच विचारतो, राग मानू नका. सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजणारा सेक्स्टंट का नाही? तो ना जॅम होतो ना हॅक.

निवृत्त_डेकवाला

राग कसला. अमेरिकी नौदल अकादमीने बंद केलेलं ताऱ्यांवरून स्थान काढायचं शिक्षण २०१५ च्या सुमाराला पुन्हा सुरू केलं, म्हणजे प्रश्न खुळा नाही. पण ढग असले की बोंब, आणि धुक्यात बंदरात शिरताना एक-दोन मैलांची अचूकता काय चाटायची?

ध्रुवमत्स्य

तर्कतीर्थ, फायबर बंदरापर्यंत जाईल, बंदराबाहेरच्या जहाजाला कोण जोडणार? जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसहून जास्त जहाजांना जीपीएस सांगत होतं की तुम्ही रशियातल्या गेलेंजिकच्या विमानतळावर उभे आहात. एप्रिल २०२४ मध्ये फिनएअरने एस्टोनियातल्या टार्टूची उड्डाणं महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरायला जीपीएसशिवाय पर्यायी यंत्रणाच नव्हती. उत्तर कोरिया जॅमिंग करतो म्हणून दक्षिण कोरिया ई-लोरान उभारायच्या मागे लागला. रशियाने आपलं लोरानसारखंच चायका सोडलं नाही, चीन जाळं वाढवतोय, ब्रिटनने २०२३ मध्ये पुन्हा ई-लोरानची योजना मांडली. हे सगळे स्मरणरंजनात रमलेत का?

तर्कतीर्थ

रशिया-चीन युद्धासाठी ठेवतात, मच्छीमारांसाठी नाही. ज्याला युद्धाची भीती आहे त्याने जरूर बांधावं. सगळ्या जगाने २०१० मध्ये चूक केली, हे विधान त्यातून निघत नाही. आणि 'रॉयल मॅजेस्टी'चं उत्तर अजून आलेलं नाही. पर्याय असून बघत नाहीत, त्याचं काय?

मीटरबँड

त्याचं उत्तर माणसाकडे नका मागू. तिथल्या स्वयंचलित सुकाणूला जीपीएस आणि लोरान आपसात ताडून बघायला शिकवलेलंच नव्हतं. रिसीव्हरमध्येच दोन्ही घालून फरक पडला की गजर, हे १९९५ मध्येही जमलं असतं.

निवृत्त_डेकवाला

गजराचं म्हणाल, तर त्या जहाजावर पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राला गजर होता. तो शून्य मीटरवर लावून ठेवलेला होता. चीफ ऑफिसरने रडारवर अपेक्षित वेळी एक बोया बघितला आणि तोच आपला 'बीए' बोया असं धरून चालला. प्रत्यक्षात तो एका बुडालेल्या जहाजावरचा 'एआर' बोया होता. पुढच्या वॉचच्या सेकंड ऑफिसरला 'बीबी' बोया दिसलाच नाही, तरी कॅप्टनने विचारल्यावर दिसला म्हणून सांगून मोकळा झाला. तेव्हा मीटरबँड, दोन्ही सेट एका डब्यात घाला, माझी ना नाही. फक्त तो गजर बंद करायचं बटण ब्रिजवर ठेवणार आहात की नाही, ते आधी सांगा.